जांभळाचा घन आणि माझी जीभ

माझी जीभ चार वर्षे नोकरीला होती. बाकीचा मी तिच्याबरोबर जात असे, इतकेच. कल्याणात तलावाच्या अलीकडे अप्पाशास्त्री वैद्यांची औषधशाळा आहे. तिथे काढे आटवून बाटल्यांत भरतात. बाटलीचे तोंड लाखेने बंद होण्यापूर्वी प्रत्येक भांड्यातला थेंबभर चाखून ‘ठीक’ म्हणायचे, एवढे माझे काम. इंग्रजी शाळेत असताना मी ते रोज सकाळी करीत असे आणि मुंबईस कॉलेजात गेल्यावर सुटीत. या कामाविषयी चार पाने लिहा, असे संपादकांनी कळवले तेव्हा मी पुष्कळ दिवस उत्तरच दिले नाही. आमच्या घराण्यात अक्षर ओळखणारा मी पहिला; छापण्यासाठी मी आजवर ओळही लिहिलेली नाही. शिवाय मला सांगण्याजोगी एकच गोष्ट आहे आणि ती माझ्या चुकीची आहे.

माझे वडील कल्याण बंदरात मालाच्या मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचे मुकादम, आहेत. मला चाखण्याची नोकरी लागली हे ऐकून त्यांनी विचारले, “जिभेचा पगार? म्हणजे बोलायचं काम का रे?” मी म्हटले, नाही, गप्प राहून चाखायचे. यावर ते म्हणाले, “मग तुझ्या आईला नाही जमायचं.” आई चुलीपाशी होती. त्या दिवशी त्यांना दुसऱ्यांदा कालवण मिळाले नाही.

मलाच का घेतले, याला कारण होते. अप्पांनी तीस वर्षे तंबाखू खाल्ली होती आणि त्यांची जीभ, त्यांच्याच शब्दांत, चामड्याची झाली होती. भट्टीवरचे विठूकाका विडीवर विडी ओढत. औषधशाळेत कोरी जीभ कोणाचीच नव्हती. माझे मास्तर एकदा अप्पांना म्हणाले, की आमच्या वर्गात एक तांडेलाचा मुलगा आहे, तो पाण्याचा घोट घेऊन कोणत्या विहिरीचे ते सांगतो. झाले. एका गिऱ्हाइकाने पुढे शंका काढली की तांडेलाच्या पोराने चाखलेले औषध आम्ही घ्यावे कसे. अप्पांनी शांतपणे सांगितले, “चाखलेला थेंब पुन्हा भांड्यात जात नाही. तुम्हाला न चाखलेलं हवं असेल, तर तसंही देतो. जबाबदारी तुमची.” त्याने चाखलेलेच नेले.

आमच्याकडे सगळ्यांत जास्त खप मधुमेहाच्या औषधांचा. ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जांभळाच्या बिया सावलीत वाळवायच्या, वरचे टरफल काढून आतला गर भरडायचा, मोठ्या कल्हईच्या भांड्यात पाणी घालून उकळायचा. आठातला एक भाग उरला की गाळायचा आणि मंद आचेवर पुन्हा आटवायचा. उलथण्यावर घेतला असता ओघळत नाही इतका दाट झाला, की त्याला घन म्हणतात. काळा, तुरट, शेवटी कडवट. दुसरे औषध बेडकीचा पाला. ही मलंगगडाच्या बाजूची रानवेल आहे; काही लोक तिला गुडमार म्हणतात, आणि ते नाव खोटे नाही. दोन पाने चावून थुंकावीत आणि मग गुळाचा खडा जिभेवर ठेवावा. गूळ वाळूसारखा लागतो. गोडपणा कुठेतरी निघून जातो आणि दोन-तीन घटका परत येत नाही.

या पाल्यापायी एका पेढेवाल्याची फजिती झालेली मी पाहिली आहे. त्याला मधुमेह, आणि धंदा पेढ्यांचा. अप्पांनी पाला दिला तो अशासाठी, की हात पेढ्याकडे जाऊ नये. महिन्याने तो जास्तच खंगून आला. चौकशी केली तेव्हा कळले की पाला खाऊन तो दुप्पट पेढे खात होता. त्याचे म्हणणे असे, की साखर जिभेलाच लागत नाही, तर अंगाला काय लागणार. आम्ही सगळे हसलो. मी सर्वांत मोठ्याने हसलो होतो, हे आता मुद्दाम लिहून ठेवतो.

पाला दर गुरुवारी येई. सोमी नावाची ठाकरीण तो गडाखालून आणीत असे. दिसायला तशाच दुसऱ्या वेली असतात, म्हणून पाला खरा की खोटा हे चावून आणि वर गूळ खाऊनच ठरवावे लागे. हेही काम माझेच. म्हणून अप्पांचा नियम होता, की गुरुवारी पाला पाहिल्यावर त्या दिवशी कोणताही घन चाखायचा नाही. चार वर्षांत मी हा नियम एकदाही मोडला नव्हता.

गेल्या वर्षी मी पावसाळी टर्मसाठी मुंबईस परत निघालो तो दिवस मंगळवारचा. दुपारची गाडी होती. वडील माझी ट्रंक घेऊन आधीच स्टेशनवर जाऊन बसले होते. गाडी चुकेल ही धास्ती त्यांना भरतीपेक्षा मोठी. मी औषधशाळेत निरोप घ्यायला गेलो, तर सोमी भारा घेऊन दारात बसलेली.

“आज कशी गं? आज तर मंगळवार.”

“नदी भरली मंग आठ दिस नाय येत मी. बघून घे आत्ताच.”

मी दोन पाने चावली, गुळाचा खडा तोंडात टाकला. वाळू. पाला चांगला होता. तेवढ्यात आतून विठूकाकांनी हाक मारली, की घन निवला आहे, चाखून जा म्हणजे लाख ओततो, हवा दमट झाली आहे. मी आत गेलो, काडीने थेंब घेतला. तुरट. कडवट. नेहमीसारखा. “ठीक,” म्हटले, बाटल्यांवर डकवायच्या माझ्या हातच्या चिठ्ठ्या काकांकडे दिल्या, हात धुतले आणि स्टेशनकडे धावलो. नियम माझ्या डोक्यात गुरुवारला बांधलेला होता, पाल्याला नव्हे. हे मला साडेचार महिन्यांनी कळले.

आता मास्तरांविषयी. ते कल्याणच्या इंग्रजी शाळेत होते. पेन्शन घेतल्यावर ठाण्यास तळ्याजवळ लहानसे बिऱ्हाड करून राहिले. बंदरावर टोपल्या मोजणाऱ्या मला शाळेत नेऊन बसवणारे तेच. माझ्या वडिलांना “मुलगा हिशेबाला हुशार आहे” असे सांगून पटेना, तेव्हा “हा तुम्हाला टपालाची पत्रे वाचून दाखवील” असे सांगून त्यांनी पटवले. मास्तरांना मधुमेह होता, तो पुष्कळ दिवसांचा. सकाळी बेडकीच्या पाल्याचा काढा आणि दोन्ही जेवणांनंतर जांभळाचा घन दोन चमचे, असे अप्पांचे औषध चाले. पथ्य ते असे पाळत की पाहणाऱ्याने लाजावे. भात नाही, गूळ नाही, नाचणीची भाकरी आणि पालेभाजी. मी मंगळवारी ‘ठीक’ म्हटलेल्या भांड्यातल्या बाटल्या पावसाळ्यापुरत्या एकदमच त्यांच्या घरी पोचत्या झाल्या.

श्रावणात अप्पांचे पत्र आले. मास्तरांच्या पायाच्या अंगठ्याला चप्पल लागून जखम झाली आहे, भरत नाही. तहान वाढली आहे. घन दोनाचे चार चमचे करायला सांगितले आहे, असे अप्पांनी लिहिले होते. भाद्रपदात दुसरे पत्र आले. जखम वाढते आहे, चमचे सहा केले आहेत. शेवटी एक ओळ होती: ‘पथ्य मोडत असावेत अशी मला शंका येते. तुझे ऐकतील. तू लिही.’

मी लिहिले. ते पत्र मला पाठ आहे, पण इथे उतरवून देण्याचे धैर्य नाही. आपण आम्हाला शिकवलेत की माणसाने स्वतःशी खोटे बोलू नये, अशा अर्थाचे एक वाक्य त्यात होते. ज्यांनी मला लिहायला शिकवले त्यांना मी त्याच अक्षरात हे लिहिले. उलट टपाली पोस्टकार्ड आले. त्यावर एवढेच होते: ‘पथ्य पाळत आहे. अभ्यास कर.’

दिवाळीच्या सुटीत मी घरी न जाता आधी ठाण्यास उतरलो. कॉलेजात एका वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्याने मला साखर ओळखण्याची रीत शिकवली होती. मोरचूद आणि खार यांचे एक निळे पाणी असते. त्यात मूत्राचे थेंब टाकून स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचे. साखर नसेल तर पाणी निळेच राहते. थोडी असेल तर हिरवट होते. फार असेल तर विटेसारखे लाल. ती नळी आणि बाटली मी बरोबर आणली होती. मनात कुठेतरी अशी आशा होती, की निळे राहील आणि पत्राबद्दल क्षमा मागून मी मोकळा होईन.

दोन उकळ्या आल्या आणि पाणी विटकरी झाले. इतके दाट, की नळी पालथी केली तरी ओघळणार नाही असे वाटले.

मास्तर खाटेवर पाय उंच ठेवून बसले होते. अंगठा काळा पडला होता आणि शेजारच्या बोटालाही रंग चढू लागला होता. खोलीत वास होता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितले होते, की आठ दिवसांत उतार पडला नाही तर घोट्यावरून पाय काढावा लागेल, आणि मधुमेही माणसाचा पाय काढला तरी ती जखम भरेलच असे नाही. शेजाऱ्यांनी पाठवलेल्या फराळाचे ताट कोनाड्याखाली झाकून ठेवले होते. माझी नजर तिकडे गेली. मास्तरांनी ती पाहिली.

“मास्तर, खरं सांगा,” मी म्हटले.

“खरंच सांगतोय, हरी.”

मास्तरांच्या पत्नी, आमच्या काकू, आतून म्हणाल्या, “अरे, या वर्षी मी करंजीचा घाणासुद्धा घातला नाही. घरात साखर आणली नाही. ताट आलंय ते दारच्या पोरांसाठी. आणखी काय करायचं त्यांनी?” मी खाली मान घातली, पण विश्वास ठेवला नाही. नळीतला लाल रंग मी डोळ्यांनी पाहिला होता. चमचे आठ करा, असे सांगून मी उठलो. हेही मीच सांगितले.

दोन दिवसांनी पुन्हा गेलो. पायाला आता हात लावू देत नव्हते. काकूंनी घनाची बाटली काढून द्यायला सांगितले म्हणून मी कोनाड्यात हात घातला, तर बोटांवर मुंग्या चढल्या. फराळाचे ताट खाली होते. मुंग्या ताटाकडे गेल्याच नव्हत्या. भिंतीवरून त्यांची सरळ ओळ आली होती ती बाटलीच्या बुचापर्यंत.

जांभळाच्या घनाला मुंग्या लागत नाहीत. चार वर्षांत औषधशाळेत मी कधी पाहिल्या नव्हत्या. मी बूच काढून बोट लावले आणि जिभेवर ठेवले. आधी तुरट लागले, आणि त्यामागून, स्वच्छ, काकवी.

हे औषध आता देऊ नका, एवढे काकूंना सांगितले; बाकी काय बोलून तिथून निघालो ते आठवत नाही. कल्याणास पोचलो तेव्हा विठूकाका भट्टी सारवत होते. मी विचारले, त्या मंगळवारच्या घनात काय घातले होते. त्यांनी काही लपवले नाही.

“काकवी. बरीचशी घातली. आदल्या पावसात सगळा घन बुरसला, आठवतं ना? च्यवनप्राशासारख्या अवलेहाला घालतोच की आपण, बारा महिने टिकतो. म्हटलं, हाही टिकेल.”

“आणि मला सांगितलं नाहीत?”

“तू चाखलास की. चाखून ठीक म्हणालास. नको असती तर तेव्हाच ओरडला असतास. मला वाटलं, पोराला पसंत पडली.”

मग मला सोमी आठवली, दारातला भारा आठवला, गुळाची वाळू आठवली. पेढेवाला आठवला. विठूकाकांना मधुमेह म्हणजे काय हे कोणी कधी समजावून दिले नव्हते. ते भट्टीचे माणूस, औषध नासू नये एवढीच त्यांची चिंता. म्हणून तर चाखणारा ठेवला होता.

अप्पा बाहेरून आले. मी त्यांना काकवीचे सांगितले. पाल्याचे सांगितले नाही. अप्पा विठूकाकांना म्हणाले, “विठू, उद्यापासून येऊ नकोस.” विठूकाका सारवणाने माखलेला हात तसाच धरून उभे राहिले. मी त्या वेळी बोलायला हवे होते. मी बोललो नाही. घरी गेलो, जेवायला बसलो. वडिलांनी विचारले, ताप आहे का. मी म्हटले, नाही. मग मी ताटावरून उठलो आणि परत जाऊन अप्पांना सगळे सांगितले, मंगळवार, पाला, गाडी, सगळे.

अप्पा म्हणाले, “चमचे वाढवायला मी सांगितलं. म्हणजे तिघांनी मिळून एका माणसाला काकवी पाजली. विठूला बोलावून आण.”

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही तिघे बाटल्या परत आणायला निघालो. अप्पा भिवंडीस, विठूकाका शीळ गावाकडे आणि मी टिटवाळ्यास. तिथल्या एक आजी बाटली सोडीनात. त्या म्हणाल्या, “इतकी वर्षं तुमचं कडू जहर मुकाट्यानं प्याले. आता कुठं तोंडाला लागेल असं केलंत, तर परत न्यायला आलात?” एरवी मी हसलो असतो. त्या बाटल्यांतून आणखी कोणाकोणाचे पाय काळे पडले असतील, हा विचार डोक्यातून जात नव्हता. आजींचे दोन्ही पाय शाबूत पाहिले तेव्हाच मी खाली बसलो.

ठाण्याला मी सर्वांत शेवटी गेलो. तिथे आधी जायला हवे होते. मास्तरांसमोर उभा राहून मी सगळे सांगितले, वर्गात धडा म्हणून दाखवतात तसे, एका दमात. पाय काढण्याला चार दिवस उरले होते. ते ऐकत होते. मी थांबल्यावर त्यांनी डोळे मिटले. मग हळूच म्हणाले,

“गोड लागतंय, हे मला पहिल्याच चमच्याला कळलं होतं.”

मला वाटले, मी चुकीचे ऐकले.

“मग बोलला का नाहीत, मास्तर?”

“बाटलीवर तुझ्या हातची चिठ्ठी होती. म्हटलं, हरीनं चाखलंय, म्हणजे औषध बरोबर असणार. माझीच जीभ रोगानं बिघडली असेल.”

याच माणसाला मी खोटे न बोलण्याचा उपदेश केला होता. त्यांनी स्वतःच्या जिभेवर अविश्वास दाखवला, तो माझ्या जिभेवर विश्वास ठेवून. आणि मी त्यांच्या शब्दावर ठेवला नाही. मी त्यांच्या चांगल्या पायाला हात लावला. ते म्हणाले, “पुरे. पाणी दे.”

काकवी बंद झालीच होती. अप्पांनी जुन्या, निर्धोक घनाची शिल्लक बाटली स्वतः आणून दिली. मी रोज सकाळी निळे पाणी तापवीत असे. पहिले दोन दिवस विटकरी. तिसऱ्या दिवशी जरा फिकट. त्या चार दिवसांत मी किती वेळा नळी उजेडाकडे धरली असेल याची गणती नाही. रंग बदलला की माझी नजर बदलली, हेच समजेना, म्हणून काकूंनाही पाहायला लावत असे. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी पाय तपासला. काळेपणा वर सरकलेला नव्हता. ते म्हणाले, पाय ठेवू, दोन बोटे काढू, मग पाहू.

क्लोरोफॉर्म देऊन बोटे काढली तोवर मी दवाखान्याच्या पडवीत बसलो होतो. नंतर ते डॉक्टर हात पुसत बाहेर आले. तरुण होते, माझ्याशी बरोबरीने बोलले. जर्मनीत कोणी कुत्र्यांच्या पोटातला, जठरामागचा एक पिंड काढून पाहिला, तर त्या कुत्र्यांना मधुमेह झाला, असे त्यांनी सांगितले. म्हणजे त्या पिंडात साखरेला आवरणारे काहीतरी असले पाहिजे. मी धीर करून विचारले, की मग आमचा पाला, आमचा घन त्या पिंडाला राखतात का. ते म्हणाले, “राखत असतील, किंवा नुसती जीभ बधिर करत असतील. कोणी पाहिलंय? तुम्ही शिकताय ना, तुम्ही पाहा.” मी अजून पाहिलेले नाही. लोक मला विचारतात तेव्हा मी ‘ठाऊक नाही’ असे सांगतो. हा शब्द मला पूर्वी येत नव्हता.

जखम भरायला पौष उजाडला. नाताळच्या सुटीत मी नव्या घनाची बाटली घेऊन गेलो. विठूकाकांनी तो आटवला होता. काकवीचे मडके त्यांनी आपण होऊन औषधशाळेबाहेर नेऊन ठेवले आहे. मास्तर काठी घेऊन दारापर्यंत चालत आले. आधी मी नळी तापवली. पाणी निळे राहिले नाही, पण लालही झाले नाही. हिरवट झाले.

“हिरवा म्हणजे पास की नापास?” मास्तरांनी विचारले.

“वरच्या वर्गात चढवलं, मास्तर. पण विषय राहिलाय.”

ते हसले. काकूंनी चमचा आणून दिला. मास्तरांनी तो माझ्यापुढे धरला. मी खिशातून गुळाचा खडा काढला, तो आधी जिभेवर ठेवला. अलीकडे मी काहीही चाखण्यापूर्वी असे करतो. त्या खड्यापायी माझ्या खिशाला डाग पडले आहेत. गूळ गोड लागला. पाणी पिऊन मी घनाचा थेंब घेतला.

“कसा आहे?”

“कडू,” मी म्हटले.

मास्तरांनी चमचा घेतला, पण लगेच तोंडात घातला नाही. घनात बोट बुडवून त्यांनी स्वतः चाखून पाहिले, थोडा वेळ विचार केला, आणि म्हणाले, “हो. कडू आहे.” मग उरलेला घन घेतला.